उठावाच्या रजईची तयारी : पहिल्या टाक्याआधी पाहण्याच्या गोष्टी

हाताने शिवायच्या रजईवर एखादे पान, फळ किंवा वेल उठून दिसावी अशी इच्छा असेल, तर त्या उठावाचे बरेचसे भवितव्य सुईत दोरा ओवण्याआधीच ठरलेले असते. साध्या क्विल्टिंगमध्ये वरचे कापड, मधले भरण आणि खालचे अस्तर हे तीन थर धावदोऱ्याने एकत्र शिवले जातात आणि टाक्यांच्या ओळीपाशी कापड दबल्यामुळे दोन ओळींमधला भाग आपोआप थोडा फुगतो. ट्रापुंटो या इटालियन नावाने ओळखल्या जाणाऱ्या कामात निवडक आकारांत जादा भरण घालून हाच फुगवटा वाढवला जातो. हे जादा भरण कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या बाजूने घालायचे हे ठरल्याखेरीज कापड, अस्तर आणि सुया यांची निवड नीट होत नाही, म्हणून तयारीच्या यादीतली पहिली नोंद त्या निर्णयाची असावी.

जुनी रीत मागून भरण्याची आहे. वरच्या कापडाखाली सैल विणीची मलमल लावून आकाराची कड बारीक धावदोऱ्याने शिवायची, मग मलमलीचे धागे बोथट सुईने बाजूला सारून त्या फटीतून भरण आत ढकलायचे आणि शेवटी धागे पुन्हा जागेवर सरकवायचे. सिसिलीत चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झालेली आणि आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असलेली ट्रिस्टन या मध्ययुगीन युरोपीय दंतकथेतल्या वीराच्या कथेची रजई या कामाचा प्रसिद्ध नमुना आहे. तिच्या लिननच्या कापडावर माणसे, घोडे आणि जहाजे कापसाच्या भरणाने उचललेली आहेत. दुसरी, अलीकडची रीत अशी की आकाराच्या मागे जाड भरणाचा तुकडा आधीच टाचून कड शिवायची आणि कडेबाहेरचे जादा भरण कातरून टाकायचे. देठ, वेली आणि चौकटीच्या रेषांसाठी तिसरी रीत सोयीची, ज्यात दोन समांतर ओळींमधल्या बोगद्यातून लोकर किंवा सुती दोरी ओढली जाते. एकाच रजईत या रीती एकत्र वापरता येतात. मात्र मागून भरण्याचे आणि दोरीचे काम आधी मलमलीवर पूर्ण करावे आणि त्यानंतरच त्याखाली मुख्य भरण व अस्तर घालून संपूर्ण रजईचे क्विल्टिंग सुरू करावे. हा क्रम उलटला की तिन्ही थर शिवल्यानंतर भरणासाठी अस्तर कापावे लागते आणि ते ठिगळ कायम दिसत राहते.

नक्षी कागदावर पूर्ण मापात काढून घ्यावी आणि प्रत्येक आकार भरता येण्याजोगा आहे का हे तिथेच तपासावे. सर्व बाजूंनी बंद असलेले, दोन ते पाच सेंटिमीटर रुंदीचे आकार उत्तम भरतात. त्याहून मोठे पान मधल्या शिरेने दोन भागांत विभागले नाही तर ते मध्यभागी उशीसारखे फुगते आणि कडेला चुण्या पडतात, आणि फार निमुळत्या टोकात भरण पोहोचतच नाही. दोरीच्या बोगद्याची रुंदी दोरीवरूनच ठरवावी. मध्यम जाडीच्या लोकरीला साधारण तीन ते चार मिलिमीटर पुरतात.

कापडाच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे : छापील कापड उठावाच्या कामाला घेऊच नये, कारण उठाव सावलीमुळे दिसतो आणि छाप ती सावली गिळून टाकतो. एकरंगी, फिकट, दाट विणीचे सुती कापड घ्यावे. सॅटीन विणीची मंद चमक असल्यास आकार आणखी स्पष्ट होतो. मलमल उलट सैल हवी, आणि ती पारखण्यासाठी बोथट सुईचे टोक विणीत घालून धागे न तुटता बाजूला होतात का हे पाहावे. दोन्ही कापडे धुऊन, वाळवून आणि इस्त्री करून ठेवावीत. सुती मुख्य भरण पहिल्या धुण्यात अनेकदा तीन ते पाच टक्के आटते, पॉलिएस्टरचे जवळजवळ आटत नाही. सुरकुतलेले, जुन्या वळणाचे रूप हवे असेल तर हे आटणे फायद्याचे ठरते, अन्यथा वेष्टणावरची सूचना वाचून भरण आधी भिजवून घ्यावे. बोगद्यात ओढायची सुती दोरी मात्र न चुकता भिजवून वाळवावी, कारण ती आत गेल्यानंतर आटली तर वेल आकसते आणि आजूबाजूचे कापड ओढले जाते.

जादा भरणासाठी लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे मोकळे तंतू घ्यावेत आणि ते बोटांनी पिंजून नखाएवढ्या पुंजक्यांचा ढीग आधीच करून ठेवावा. मोठा गोळा एकदम ढकलला की गाठ होते आणि ती वरून हाताला लागते. लहान पुंजके आधी टोकांत आणि कडांत, मग मध्यभागी असे गेले तर पृष्ठभाग सारखा राहतो. फिकट कापडामागे रंगीत भरण किंवा लोकर झिरपल्यासारखी दिसते, म्हणून तिथे पांढरेच वापरावे. भरण्यासाठी बारीक लाकडी काडी, दोरीसाठी मोठ्या नेढ्याची बोथट सुई आणि जादा भरण कातरण्यासाठी टोक बोथट असलेली छोटी कात्री लागते. टोकदार कात्रीने वरचे कापड छेदले जाण्याची भीती असते.

शिवण्यासाठी क्विल्टिंगच्या आखूड सुयांपैकी नऊ किंवा दहा क्रमांकाच्या सुया घ्याव्यात. क्रमांक वाढतो तशी सुई लहान होते. क्विल्टिंगचा लेप दिलेला सुती दोरा सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटरच्या तुकड्यांत वापरावा, कारण त्याहून लांब दोरा कापडातून घासून घासून झिजतो. मधल्या बोटाला नीट बसणारे अंगुस्तान आणि लाकडी रिंगही हाताशी हवी. रिंगमध्ये कापड डफासारखे ताणू नये. सुई वरखाली डुलवत तीन-चार टाके एकत्र घेता येतील इतकी ढील ठेवावी, आणि भरलेल्या आकारावर रिंग रात्रभर राहू देऊ नये, नाहीतर तिची खूण पडते.

नक्षी उतरवायची खडू-पेन्सिल किंवा पाण्याने जाणारे पेन त्याच कापडाच्या तुकड्यावर लावून, धुऊन पाहावे. पाण्याने जाणाऱ्या निळ्या रेघांवर इस्त्री फिरली तर त्या पक्क्या होण्याचा धोका असतो, आणि उष्णतेने नाहीशी होणारी शाई थंडीत पुन्हा दिसू शकते, त्यामुळे ठेवणीतल्या कामाला मी ती वापरत नाही.

मुख्य अस्तर आणि भरण वरच्या कापडापेक्षा चारही बाजूंनी आठ-दहा सेंटिमीटर मोठे कापावे आणि तिन्ही थर मध्यापासून बाहेर, साधारण दहा सेंटिमीटरच्या जाळीत कच्च्या टाक्यांनी बांधावेत. वरच्या कापडालाही कडेला दोन-तीन सेंटिमीटर जास्तीचे सोडावे, कारण दाट क्विल्टिंगने रजई आकसते. उठावासाठी पार्श्वभूमीची घनता खरे तर भरणापेक्षाही महत्त्वाची आहे : भरलेल्या पानाभोवती पाच-सहा मिलिमीटर अंतराच्या ओळी घातल्या की आजूबाजूचा भाग दबतो आणि पान आणखी वर येते. असा दाटपणा एका कोपऱ्यात आणि बाकी सगळे मोकळे असे झाले तर रजई सपाट पसरत नाही, म्हणून कागदावरच्या नक्षीत ओळींचे अंतरही सगळीकडे आखून घ्यावे.

शेवटची नोंद नमुन्याची. तीस सेंटिमीटरच्या चौकोनात एक पान आणि एक देठ त्याच कापडावर, त्याच भरणाने आणि त्याच दोऱ्याने पूर्ण करावे, धुऊन सपाट वाळवावे आणि दिव्याचा उजेड बाजूने पाडून पाहावे. चुण्या दिसल्या तर भरण कमी करावे, आकार मऊ आणि अस्पष्ट वाटला तर पार्श्वभूमीच्या ओळी जवळ आणाव्यात. मग सुईचा क्रमांक, लोकरीचे पदर आणि ओळींमधले अंतर नमुन्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावे, कारण मोठी रजई महिनोन्‌महिने चालते आणि अधूनमधून काम थांबले की हीच मापे आधी विसरली जातात.