शहरांचं उत्सर्जन मोजायला बसताय? आधी विजेचं बघा

स्कोप १ म्हणजे शहराच्या हद्दीत होणारं हरितगृह वायूंचं उत्सर्जन, स्कोप २ म्हणजे शहरात वापरलेल्या ग्रिडच्या विजेचं, आणि स्कोप ३ म्हणजे शहरामुळे हद्दीबाहेर होणारं बाकीचं; याहून जास्त वेळ त्यात घालवत नाही. मी जिथे अडकलो तेवढंच सांगतो, कारण तीन आठवड्यांचं काम वाया गेलं आणि आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

डिझर्टेशनला मुंबई-पुण्याची तुलना घेतली होती. ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र मुंबईच्या हद्दीत, म्हणून तिथला कोळसा आणि गॅस स्कोप १ मध्ये टाकला, मग घरं, दुकानं, कारखान्यांचे वीज युनिट घेऊन स्कोप २ काढला आणि दोन्ही मिळवले. चुकलं ते इथेच! ट्रॉम्बेला कोळसा जळला, त्याचीच वीज दादरच्या घरात गेली, म्हणजे एकच धूर दोनदा मोजला. पुण्याच्या हद्दीत असं केंद्र नाही, वीज बाहेरून येते, त्यामुळे पुणे उगाच स्वच्छ दिसायला लागलं. २०१४ च्या जीपीसी प्रोटोकॉलमध्ये (शहरांचं उत्सर्जन मोजायची जागतिक नियमावली) स्पष्ट आहे की ग्रिडला दिलेल्या विजेचं उत्सर्जन वेगळं नोंदवायचं, 'बेसिक' या प्राथमिक पातळीच्या एकूण बेरजेत धरायचं नाही. मी हे वाचलेलं होतं, तरी एक्सेलमध्ये बेरीज लावताना ती ओळ आत आली. त्या ओळीला वेगळा रंग द्या, खरंच द्या.

दरडोई आकड्यालाही जपा. मुंबईच्या क्लायमेट अॅक्शन प्लॅनमध्ये २०१९ चं उत्सर्जन २.३४ कोटी टन, दरडोई १.८ टन, म्हणजे लोकसंख्या साधारण १.३ कोटी धरलीये. तुम्ही २०११ च्या जनगणनेचे १.२४ कोटी घेतलेत तर तेच १.९ होतं. कचऱ्याच्या मिथेनचं कार्बन डायऑक्साइडच्या मापात रूपांतर करताना एका शहरात २५ ने आणि दुसऱ्यात २८ ने गुणलं असेल तर तुलना करूच नका.

राज्याचा आकडा लोकसंख्येने वाटून शहराच्या नावावर टाकायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही, आणि 'चालतंय रे' म्हणणारा गाईड तर त्याहून नाही. वीज कंपनीच्या ऑफिसात जा, युनिट मागा, डिव्हिजनची हद्द आणि पालिकेची हद्द जुळते का ते नकाशावर बघा. कंटाळवाणं आहे, पण जमतं, कुणालाही जमतं.

डेटा नाहीच मिळाला तर घाबरू नका, प्रोटोकॉलमध्ये एनई (नॉट एस्टिमेटेड, म्हणजे अंदाज काढलेला नाही) लिहून कारण द्यायची सोय आहे. माझ्या फायनल शीटमध्ये असे चार रकाने होते, व्हायवात प्रत्येकाचं कारण विचारलं, मी सांगितलं, आणि पास झालो.