"उद्या या ताई" म्हणणं मी कसं कमी केलं

साताऱ्यात मी घरीच ब्लाऊज शिवते. एकवीस वर्षं झाली, त्यातली निम्मी "उद्या या ताई" म्हणण्यात गेली. हात मंद नाही माझा. साधा अस्तराचा ब्लाऊज दोन-अडीच तासांत होतो. तरी खुंटीला पिशव्या लोंबत राहायच्या. एकदा हळदीच्या आदल्या संध्याकाळी नवरीची मावशी दारात आली, आणि तिची पिशवी मी उघडलीसुद्धा नव्हती. रात्री दोनपर्यंत शिवला, पण ती परत काही आली नाही.

त्यानंतर एक दिवस मशीन बंद ठेवलं आणि पिशव्या एकेक करून उघडल्या. कुठलं काम कशापायी अडलंय ते बघितलं. शिवणीपाशी एकही अडलं नव्हतं. एकात अस्तर भिजवलेलं नव्हतं, दुसऱ्यात मोरपंखी रीळ नव्हतं, तिसऱ्यात मापाचा ब्लाऊजच नव्हता आणि बाईंना फोन करायची मला लाज वाटत होती. म्हणजे मी टाळत होते ते पाच मिनिटांचं चिल्लर काम, आणि त्यापायी अख्खा ब्लाऊज पडून.

तर पहिलं हे करा: रखडलेल्या कामाचं नाव लिहू नका, ते जिथं अडलंय ती गोष्ट लिहा. "निळा ब्लाऊज" असं लिहिलं की नुसतं दडपण येतं. "मोरपंखी रीळ" लिहिलं की भाजी आणायला जाताना येतं.

आता पिशवी आली की बाई दारात असतानाच उघडते. मापाचा ब्लाऊज, पीस, हुक, सगळं बघते. सुती अस्तर त्याच रात्री बादलीत. ते आधी आकसलं नाही तर पहिल्या धुण्यात ब्लाऊजला चुण्या पडतात, म्हणून ते टाळता येत नाही. सकाळी दोरीवर वाळलेलं अस्तर दिसलं की कापायला हात आपोआप जातो.

दुसरी युक्ती सासूबाईंच्या विणकामावरून उचलली. त्या कधी ओळ संपवून उठत नाहीत. मीही रात्री उठताना एक बाही टाचण्या लावून मशीनवरच ठेवते, सुईत दोरा ओवलेला, बॉबिन भरलेली. सकाळी चहा ठेवला की आधण येईपर्यंत बाही जोडून होते. एकदा बसलं की बसलंच.

हुक-काजाचा मला मनापासून कंटाळा. तो जाईल असं वाटत नाही, म्हणून पाच-सहा ब्लाऊज साठवते आणि मालिका बघत एकदम लावते.

आणि तारीख खरी सांगा. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू. तेव्हा चार दिवसांत देते म्हणणं म्हणजे पाचव्या दिवशी खोटं बोलायची तयारी. बारा दिवस सांगितले तर दोन गिऱ्हाइकं जातात, जाऊ द्यावीत.

घरातही हेच चालतं. सासूबाईंच्या पेन्शनचा हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात द्यायचा असतो, आणि आम्ही दरवर्षी शेवटच्या आठवड्यात धावतो. यंदा विचारलं, अडलंय कुठं? पीपीओ नंबरचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाच्या नंबरचा, कागद सापडत नव्हता, एवढंच. देव्हाऱ्याखालच्या खणात पंचांगात निघाला. नंबर आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, मापं लिहायच्या खडूनंच त्याच्याखाली मोठ्ठं "१ नोव्हेंबर" लिहिलंय.