चिनी शिकवणाऱ्या पॉडकास्टचे भाग वेळेवर काढायचे असतील तर

2005 साली शांघायमध्ये सुरू झालेल्या ‘चायनीजपॉड’ या चिनी शिकवणाऱ्या पॉडकास्टने रोजच्या धड्यामुळे नाव कमावले. त्यामुळे मँडरिन म्हणजे प्रमाण चिनी शिकवणारा पॉडकास्ट काढू पाहणाऱ्याला रोज एक भाग देण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र त्या वेळापत्रकामागे निवेदक, संपादक आणि ध्वनितंत्रज्ञ असलेली एक कंपनी उभी होती. दोन-तीन जणांच्या चमूने आठवड्याला एकच धडा जाहीर करावा आणि तो ठरलेल्या वारीच द्यावा. वेग ठरवताना चांगल्या आठवड्याचा हिशेब करू नये. एक जण आजारी आणि दुसरा गावी गेलेला असताना जेवढे निभेल, तेवढेच श्रोत्यांना कबूल करावे.

भाग रखडण्याचे खापर सहसा ध्वनिमुद्रणावर फोडले जाते, पण खरे अडते ते धड्यासोबतच्या लेखी मजकुरापाशी. संवादाची चिनी लिपीतली संहिता, तिचे टोनच्या (शब्दाचा अर्थ बदलणाऱ्या सुरांच्या) खुणांसह पिन्यिन म्हणजे रोमन लिपीतले लेखन, शब्दसूची आणि जादा वाक्ये एवढे तयार झाल्याशिवाय धडा पुरा होत नाही. चिनी लिपीचे पिन्यिन करून देणारी साधने आहेत; तरीही एकाच चिन्हाचे दोन उच्चार असले की ती फसू शकतात. जे चिन्ह ‘बँक’ या अर्थाच्या शब्दात ‘हांग’ वाचले जाते, तेच ‘सायकल’ या अर्थाच्या शब्दात ‘शिंग’ होते. शिवाय ‘नी हाओ’ (नमस्कार) मधली दोन्ही अक्षरे तिसऱ्या टोनची असली तरी बोलताना पहिले दुसऱ्या टोनमध्ये जाते. अशा ठिकाणी मूळ टोन छापायचा की बोललेला, याचा निर्णय पहिल्याच धड्याच्या वेळी घेऊन तो नियमांच्या कागदावर लिहून ठेवावा, म्हणजे दर आठवड्याला त्याच वादात संध्याकाळ जाणार नाही. मूळ टोन छापून फरक फक्त आवाजात ऐकवणे मला सोयीचे वाटते, कारण शब्दकोशात आणि प्रमाण पिन्यिनात तोच टोन असतो. तपासणी मात्र संहिता लिहिणाऱ्याकडे कधीच देऊ नये. आपण लिहिलेले आपल्याला बरोबरच दिसते.

संवाद आणि त्यावरची चर्चा वेगवेगळ्या दिवशी मुद्रित करावी. संवाद म्हणणारी माणसे एकदा माइकसमोर बसली की तीन-चार धड्यांचे संवाद एका बैठकीत उरकतात. त्याहून ताणू नये, कारण आवाज थकला की उतरता चौथा टोन अर्धवटच उतरतो आणि नवशिक्याच्या कानावर नेमके तेच चुकीचे पडते. प्रत्येक संवाद नेहमीच्या वेगाने आणि मग सावकाश, असा दोनदा घ्यावा. चर्चेत ‘गेल्या आठवड्यात’, ‘आज फार थंडी आहे’ अशी वाक्ये टाळली, तर पुढेमागे धड्यांचा क्रम बदलता येतो.

विषय शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून एचएसके या चिनी भाषेच्या प्रमाणित परीक्षेच्या शब्दसूच्या हाताशी ठेवाव्यात. 2010 पासूनच्या सहा पातळ्यांच्या रचनेत पहिलीला 150, दुसरीला 300 आणि तिसरीला 600 शब्द धरलेले होते. 2021 च्या नव्या मानकाने पातळ्या नऊ केल्या, त्यामुळे कोणती सूची वापरतो ते श्रोत्यांना स्पष्ट सांगावे. टॅक्सी, घरभाडे, डॉक्टर हे विषय वर्षभर चालतात आणि आधीच तयार करून ठेवायच्या धड्यांच्या साठ्यासाठी तेच उत्तम. बातम्यांतले किंवा तरुणांच्या तोंडचे नवे शब्द लवकर शिळे होतात. त्यांचा धडा बनवला की लगेच सोडावा.

वर्षाच्या आखणीत सर्वांत मोठा खड्डा वसंतोत्सवाचा, म्हणजे चिनी नववर्षाचा. चांद्र पंचांगामुळे त्याची तारीख सरकते: 2026 मध्ये 17 फेब्रुवारी, तर 2027 मध्ये 6 फेब्रुवारी. (त्या पंचांगातही आपल्यासारखाच अधिक महिना येतो.) सणाच्या सुट्टीआधी आणि नंतर कित्येक दिवस शहरांतली माणसे गावी जात-येत असतात, त्यामुळे संवादाचे आवाज चीनमध्ये असतील तर त्या काळातले धडे डिसेंबरातच मुद्रित करावेत. 1 ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टीही जवळपास आठवड्याची असते, आणि तिची भरपाई म्हणून आसपासचा एखादा शनिवार किंवा रविवार कामाचा ठरतो. त्या दिवशी कोणी मोकळे असेल असे गृहीत धरू नये. सुट्ट्यांचे अधिकृत वेळापत्रक आधीच्या वर्षाच्या अखेरीस जाहीर होते. ते हाती येताच मुद्रणाच्या तारखा ठरवून टाकाव्यात.

पूर्ण तपासलेले चार धडे नेहमी हाती असावेत. नुसते मुद्रित झालेले धडे या मोजणीत धरू नयेत. साठा दोनवर आला, तर प्रगत श्रोत्यांचे धडे आधी थांबवावेत. त्यांना चिनी मालिका आणि रेडिओ ऐकता येतो, उलट नवशिक्याची सवय दोन आठवड्यांच्या खंडानेही मोडते. तेवढ्यानेही भागले नाही, तर जुन्या तीन धड्यांतले संवाद सलग ऐकवणारा उजळणीचा भाग काढावा आणि तो उजळणीचा आहे हे शीर्षकातच लिहावे.