पॉइंटवरची सुट्टी-मेंबरशिप कशी घ्यावी आणि कशी वापरावी

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या मॉलमध्ये आपण नाव आणि मोबाईल नंबर लिहून कूपन डब्यात टाकतो. आठवड्याभरात फोन येतो की, आपल्याला तीन दिवसांची मोफत सुट्टी ‘लागली’ असून येत्या रविवारी पती-पत्नी दोघांनीही अमुक हॉटेलात येऊन तिचे व्हाउचर घेऊन जावे. हॉटेलात प्रत्यक्षात विकली जाते ती रिसॉर्टमध्ये दरवर्षी सुट्टीला राहण्याची दहा ते पंचवीस वर्षांची मेंबरशिप. ती घेऊच नये असे माझे मत नाही. मी स्वतः अशा एका योजनेचा सभासद आहे. मात्र ज्या घराला आपल्या सुट्टीच्या तारखा सहा-आठ महिने आधी सांगता येतात त्याच घराला ती परवडते, हे मला पैसे भरल्यानंतर कळले.

आधी व्यवहार नेमका काय असतो ते पाहू. टाइमशेअरच्या, म्हणजे रिसॉर्टची खोली अनेकांनी वेळ वाटून वापरण्याच्या, जुन्या पद्धतीत वर्षातला ठरावीक आठवडा आपल्या वाट्याला येत असे. पॉइंटच्या पद्धतीत दरवर्षी आपल्या खात्यावर ठरावीक पॉइंट जमा होतात आणि रिसॉर्ट, खोलीचा प्रकार, हंगाम आणि वार यांनुसार प्रत्येक रात्रीची पॉइंटमधली किंमत वेगवेगळी असते. ही कल्पना नवी नाही. १९६३ मध्ये स्थापन झालेली स्वित्झर्लंडची हापिमाग ही संस्था पॉइंटवर सुट्ट्या देत आली आहे आणि अमेरिकेत डिस्नेने १९९१ मध्ये आपला व्हेकेशन क्लब याच पायावर सुरू केला. आपल्याकडे क्लब महिंद्राच्या आठवड्यावर आधारलेल्या योजनेत हंगामांना जांभळा, लाल, पांढरा आणि निळा अशी रंगांची नावे आहेत. रंग असोत वा पॉइंट, गर्दीच्या दिवसांना जास्त मोजावे लागते.

कॅलेंडर आणि तक्ता

पहिले काम घरी बसून करायचे आहे. भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून घ्यावे आणि घरातले सगळे एकाच वेळी मोकळे असतील असे दिवस पेन्सिलीने खुणावावेत. आपल्या भागात ही यादी वाटते त्यापेक्षा लहान निघते. दिवाळीची सुट्टी मोठी असते, पण शेती असलेल्या घरात तेव्हा सोयाबीनची रास व्हायची असते किंवा नुकती झालेली असते. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा घर सोडण्याचा प्रश्नच येत नाही आणि लातूर-धाराशिवकडे नाताळाच्या सुमारास येणारी वेळ अमावस्या शेतातच साजरी करायची असते. राहतो मे महिना, आणि तो साऱ्या महाराष्ट्राला हवा असतो. मात्र १७ सप्टेंबरची मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी केवळ मराठवाड्याची आहे. मुंबई-पुण्याची गर्दी तेव्हा नसते, त्यामुळे महालक्ष्म्या आडव्या येत नसतील त्या वर्षी मुलांचे झेंडावंदन आटोपून निघता येते.

यानंतर कंपनीकडून पॉइंटचा पूर्ण तक्ता मागावा. माहितीपत्रकातला नमुना नको, चालू वर्षाचा तक्ता हवा. तो पाहताना आपल्या पेन्सिलीच्या खुणा समोर ठेवाव्यात. समजा, वर्षाला १०० पॉइंट मिळणार आहेत. एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी दिवाळीत वन बेडरूमच्या एका रात्रीला २५ पॉइंट लागत असतील तर आपले वर्ष चार रात्रींत संपते. त्याच ठिकाणी पावसाळ्यात सोमवार ते गुरुवार स्टुडिओला, म्हणजे वेगळी बेडरूम नसलेल्या खोलीला, ८ पॉइंट असतील तर बारा रात्री मिळून वर ४ पॉइंट उरतात. विक्रेता बारा रात्रींचे गणित मांडतो आणि आपण मनात दिवाळी धरून बसलेलो असतो. खोलीत किती जण चालतात तेही इथेच पाहावे. स्टुडिओत सहसा दोन मोठी माणसे आणि दोन मुले धरलेली असतात, त्यामुळे आजी-आजोबांना सोबत न्यायचे असेल तर मोठ्या खोलीचे पॉइंट धरूनच हिशेब करावा.

रुपयांचा हिशेब

पॉइंटचे रुपये केल्याशिवाय तुलना होत नाही. आणखी एक कल्पित उदाहरण घेऊ. मेंबरशिप ४,००,००० रुपयांची, मुदत १० वर्षे आणि वार्षिक देखभाल शुल्क करासह २०,००० रुपये. चार लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते आणि दहा वर्षांत मुद्दल-व्याज मिळून समान हप्त्यांत परत घेतले असते, तर दरवर्षी सुमारे ५७,००० रुपये हाती आले असते. त्यात २०,००० मिळवले की वर्षाला ७७,००० होतात. सात रात्री वापरल्या तर एक रात्र ११,००० रुपयांना पडली, आणि जेवण-प्रवास त्यात धरलेला नाही. त्याच रिसॉर्टची त्याच तारखेची खोली बिगरसभासदाला कितीला मिळते ते मोबाईलवर पाहावे. देखभाल शुल्क बहुतेक करारांत दरवर्षी वाढते, आपण गेलो नाही तरी भरावे लागते, आणि थकले तर बुकिंग बंद होते. ईएमआयवर घेणार असाल तर हप्त्यांची एकूण बेरीज करून तीच खरी किंमत समजावी.

हॉलमध्ये बसल्यावर

आमची बैठक जालना रस्त्यावरच्या एका हॉटेलात झाली. मुलांसाठी रंगखडूंचे टेबल, आमच्यासाठी सरबत, आणि समोर बसलेला तरुण कोऱ्या कागदावर आकडे उलटे लिहीत होता, म्हणजे ते आम्हाला सुलट दिसत. ‘काका, हा दर फक्त आजच्यापुरता आहे,’ असे त्याने तीनदा सांगितले. आम्ही उठू लागलो तेव्हा मॅनेजर आले आणि त्यांनी चाळीस हजार कमी केले. दिवाळीत खोली हमखास मिळेल, हे तोंडी आश्वासन ऐकून आम्ही सही केली. करारात शब्द होते ‘उपलब्धतेनुसार’, आणि पहिल्या दिवाळीला आम्ही घरीच होतो. त्या आकड्यांचा कागदही त्या तरुणाने सोबत नेऊ दिला नव्हता. तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

म्हणून त्या दिवशी पैसे देऊ नयेत. कराराची प्रत घरी मागावी. ती देत नसतील तर विषय तिथेच संपवावा. प्रत मिळाल्यावर देखभाल शुल्क किती वाढू शकते, पॉइंटचा तक्ता बदलण्याचा अधिकार कंपनीकडे आहे का, उरलेले पॉइंट पुढच्या वर्षी नेता येतात का आणि मेंबरशिप मध्येच सोडल्यास किती रक्कम कापली जाते, ही कलमे दोनदा वाचावीत. तोंडी दिलेले प्रत्येक आश्वासन कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून लिहून घ्यावे.

सही झालीच असेल तर करार रद्द करण्याची मुदत त्याच दिवशी शोधावी. युरोपीय संघात अशा ग्राहकाला १४ दिवसांत, तर फ्लोरिडात १० दिवसांत माघार घेण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे करारात लिहिलेली मुदत हाच आधार. माघार ईमेलने आणि स्पीड पोस्टने, दोन्ही मार्गांनी कळवावी, आणि हप्ते एखाद्या वित्तसंस्थेमार्फत असतील तर तिलाही लेखी कळवावे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत असले तरी परभणीच्या ग्राहकाला तिकडे जाण्याची गरज नाही.

बुकिंग

प्रत्येक योजनेत बुकिंग किती आधी खुले होते ते ठरलेले असते. डिस्नेच्या क्लबात आपल्या ‘होम’ रिसॉर्टसाठी, म्हणजे ज्याची मेंबरशिप घेतली त्या रिसॉर्टसाठी, ११ महिने आणि इतरांसाठी ७ महिने आधी बुकिंग करता येते. आपल्या योजनेतला आकडा शोधावा, हव्या तारखेपासून तितके महिने मागे मोजावे आणि त्या दिवसाचा गजर मोबाईलवर लावावा. खाते आदल्या दिवशी उघडून पासवर्ड चालतो का आणि शुल्क थकलेले नाही ना, एवढे पाहून ठेवावे. पहिली पसंती गेली तर रविवारऐवजी सोमवारपासूनच्या तारखा टाकून पाहाव्यात. समृद्धी महामार्ग मार्च २०२४ मध्ये इगतपुरीपर्यंत खुला झाल्यापासून जालना-संभाजीनगरहून सकाळी निघून दुपारच्या आत इगतपुरी गाठता येते, त्यामुळे त्या बाजूच्या मधल्या वारांच्या दोन-तीन रात्री आम्ही हल्ली आवर्जून घेतो. त्या कमी पॉइंटमध्ये मिळतात.

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून फक्त ६० दिवस आधी खुले होते. म्हणजे खोली आधी आणि देवगिरी किंवा तपोवनचे तिकीट काही महिन्यांनी, असा क्रम आपोआप ठरतो. म्हणूनच पॉइंट न गमावता खोली कधीपर्यंत रद्द करता येते ती तारीख बुकिंग करतानाच लिहून ठेवावी आणि तिकीट कन्फर्म झाले नाही तर तिच्या आधी निर्णय घ्यावा. आपल्याऐवजी बहीण किंवा मेहुणे जाणार असतील तर पाहुण्यांचे शुल्क भरून त्यांच्या नावाचे पत्र आधी घ्यावे. ओळखपत्रावरचे नाव जुळले नाही तर रिसेप्शनवर अडवतात.

वर्षाअखेरीस थोडे पॉइंट उरतातच. काही योजनांत ते पुढच्या वर्षी नेता येतात, पण त्यासाठी मुदतीपूर्वी स्वतः विनंती करावी लागते. पुढच्या वर्षाचे पॉइंट उसने घेण्याची सोय असली तरी ती जपून वापरावी, कारण ते बुकिंग रद्द झाले तर उसने पॉइंट परत आपल्या जागी जातीलच असे नाही. आणि तुमची मेंबरशिप चांगल्या भावात विकून देतो, फक्त प्रोसेसिंग फी आधी भरा, असा फोन आला तर तो ठेवून द्यावा.