दुसरं दुकान काढायचं की नाही, हे कसं ठरवायचं

धंदा जरा बरा चालायला लागला की येणारा-जाणारा म्हणतो, आता दुसरी ब्रँच काढा. मी ठाण्यात नौपाड्याला पोळी-भाजी केंद्र चालवते, चौदा वर्षं झाली, आणि ह्या एका निर्णयात माझे चांगलेच पैसे गेलेत, म्हणून ज्यांच्या डोक्यात हे घोळतंय त्यांच्यासाठी लिहितेय. "हिंमत करा, बाकी आपोआप होतं" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. भाडं आपोआप भरलं जात नाही, ते दर महिन्याला आपल्यालाच भरायचं असतं.

घरखर्च आणि धंद्याचा हिशोब वेगळा आहे, मागच्या वर्षभराची विक्री लिहिलेली आहे, हे मी धरून चालते. ते नसेल तर आधी ते करा.

१. काय हवंय ते एका वाक्यात लिहा

"धंदा वाढवायचा" एवढं पुरत नाही. "वर्षभरात सगळा खर्च जाऊन महिन्याला ३० हजार जास्त सुटले पाहिजेत" असं लिहा. आकडा आणि मुदत, दोन्ही हवं.

२. पर्याय कमीत कमी तीन

त्यातला एक "आहे तसंच चालू द्यायचं" हा असायलाच पाहिजे. माझ्यापुढे घोडबंदर रोडला गाळा, वागळे इस्टेटच्या ऑफिसांना दुपारचे डबे आणि काहीच न करणं, असे तीन होते, पण मी दुसऱ्या-तिसऱ्याकडे नीट बघितलंच नाही कारण गाळा बघून आले होते आणि तो मनात बसला होता. उलट टोकाला जाऊन वर्षभर पर्यायच शोधत बसणारेही बघितलेत. हर्बर्ट सायमन म्हणून अर्थशास्त्रज्ञ होते, १९७८ चं नोबेल मिळालं त्यांना, त्यांचं म्हणणं असं की माणूस सगळेच्या सगळे पर्याय तपासू शकत नाही, म्हणून तो स्वतःपुरत्या किमान अटी धरतो आणि त्यात बसणारा पर्याय मिळाला की शोध थांबवतो. मी आता तेच करते, चार अटी कागदावर लिहायच्या आणि त्यात बसेल ते घ्यायचं.

३. रोजचा आकडा काढा

ठरलेला खर्च भागिले एका बिलामागे हातात उरणारी रक्कम, एवढंच गणित आहे. माझ्या घोडबंदरच्या गाळ्याचं भाडं ४२ हजार, तीन जणींचा पगार ५१ हजार, लाईट-पाणी-फोन-सटरफटर ११ हजार, म्हणजे महिन्याला १ लाख ४ हजार. महिन्यात २६ दिवस दुकान उघडं धरलं तर रोजचे ४ हजार. सरासरी बिल ११० रुपये, त्यात पीठ, भाजी, तेल, गॅस, डब्या मिळून ६० जातात, उरतात ५०. म्हणजे रोज ८० बिलं झाली तर कुठे खर्च निघतो. सकाळ-संध्याकाळ मिळून सात तास दुकान उघडं, म्हणजे तासाला साधारण साडेअकरा गिऱ्हाइकं. हा तासाचा आकडा काढाच, कारण मग त्या गाळ्यासमोर दोन संध्याकाळ उभं राहून येणारी-जाणारी माणसं मोजता येतात. महिन्याच्या आकड्याने काही डोळ्यापुढे येत नाही.

४. बंद कधी करायचं ते सुरू करायच्या आधी लिहा

इथे मी अडकले, आणि बहुतेक सगळे इथेच अडकतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

हेन्री फेयॉल म्हणून फ्रेंच खाण इंजिनिअर होते, त्यांनी १९१६ मध्ये मॅनेजमेंटची पाच कामं सांगितली, त्यात पहिलं प्लॅनिंग आणि शेवटचं कंट्रोल, म्हणजे ठरवल्याप्रमाणे होतंय का ते तपासणं. बीकॉमला आम्ही हे पाठ केलं होतं. पहिलं आणि शेवटचं म्हटल्यावर मला वाटायचं आधी प्लॅन, मग वर्षभराने कंट्रोल. तसं नाहीये. कंट्रोलचा आकडा प्लॅनिंगच्याच दिवशी लिहावा लागतो, नंतर आपण तो लिहूच शकत नाही, कारण नंतर आपण तोच माणूस राहत नाही.

माझं काय झालं ते सांगते. घोडबंदर रोडलाच मानपाड्याजवळ गाळा घेतला, पाडव्याला उघडला. ८० बिलं लागणार हे मला माहीत होतं. पहिल्या महिन्यात रोजची सरासरी ३४ आली. मी म्हटलं नवीन आहे. चौथ्या महिन्यात ४७ झाली, तर मला आनंद झाला, वाढतंय म्हणून! पण ४७ म्हणजे रोज ३३ बिलं कमी, रोजचे १६५० रुपये खिशातून, महिन्याला जवळजवळ ४३ हजार. मग मी म्हटलं श्रावणात वाढेल, मग गणपतीनंतर, मग दिवाळीनंतर. रात्री नऊला मावशी विचारायच्या, "ताई, उरलेली कणीक फ्रीजला ठेवू की नौपाड्याला पाठवू?" आणि परातीत चार-पाच किलोचा गोळा तसाच ओल्या फडक्याखाली असायचा. रोज डोळ्यासमोर होतं ते, तरी मी डिसेंबरपर्यंत ओढलं. तोपर्यंत चार लाखांच्या वर गेले होते.

ओढलं का, तर फर्निचर आणि ओट्याला २ लाख ८० हजार घातले होते आणि ते "वाया जातील" असं वाटत होतं. नीट समजून घ्या, ते पैसे दुकान चालू ठेवलं तरी गेलेलेच होते आणि बंद केलं तरी गेलेलेच. पुढच्या महिन्याचा निर्णय घेताना फक्त पुढच्या महिन्याचं येणं आणि जाणं बघायचं. हे वाचायला सोपं वाटतं, पण स्वतःच्या हाताने निवडलेल्या टाइल्सवर उभं राहून हे करता येत नाही, म्हणूनच ते आधी लिहून ठेवायचं.

काय लिहायचं? तारीख, आकडा आणि त्या दिवशी काय करायचं. "३१ जुलैला महिन्याची सरासरी ५५ च्या खाली असली तर १ ऑगस्टला गाळामालकाला नोटीस." विचार करू, परत बघू, असले शब्द त्यात नकोत. आणि तो कागद स्वतःकडे ठेवू नका! धंद्यात ज्याचा जीव गुंतलेला नाही अशा माणसाकडे द्या. माझ्या वन्सं बँकेतून रिटायर झाल्यात, कळव्याला राहतात, आता माझे कागद त्यांच्याकडे असतात. त्या तारखेला फोन करतात, "वहिनी, कागदावर ६० लिहिलंय, किती आले?" त्यांना कारणं सांगून चालत नाही.

अजून एक, हा आकडा घरात सगळ्यांना विचारून ठरवू नका. माहिती सगळ्यांकडून घ्या, मावशींकडून तर नक्की घ्या कारण गिऱ्हाईक काय बोलतं ते त्यांना आधी कळतं, पण सही एकाचीच. आमच्याकडे पाच जणांनी मिळून ठरवलं, आणि चुकल्यावर बंद करा म्हणायची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

५. आधी स्वस्तात करून बघा

मी गाळा घ्यायच्या आधी सहा आठवडे दोन सोसायट्यांत संध्याकाळी टेबल लावलं असतं तरी कळलं असतं की तिकडची माणसं घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून साडेआठ-नऊला पोचतात आणि सर्व्हिस रोडला गाडी थांबवत नाहीत, आणि आमचा भाजीचा टेम्पो सहाला पोचायच्या ऐवजी सव्वासातला पोचतो. वागळेच्या डब्यांचं मग असंच केलं. एक डिलिव्हरीचा मुलगा आणि एक मदतनीस, महिन्याला ३९ हजार, डब्यामागे २५ उरतात, म्हणजे रोज ६० डबे. सहा आठवड्यांची मुदत लिहिली. चौथ्या आठवड्यात ३८ होते, सहाव्यात ६४ झाले, म्हणून चालू ठेवलं.

६. कागदपत्रं

लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे गाळ्याचा भाडेकरार, रजिस्टर करावंच लागतं. सही करायच्या आधी त्यातला लॉक-इन, म्हणजे गाळा सोडता येत नाही तो काळ, वाचा, तो तुमच्या बंद करायच्या तारखेच्या पुढे जात असेल तर कमी करून घ्या, नाहीतर चौथ्या पायरीचा कागद फुकट. एफएसएसएआयचं, म्हणजे खाण्याच्या धंद्याचं, लायसन्स प्रत्येक जागेचं वेगळं लागतं.

७. आकडा दर महिन्याला परत काढा

१ तारखेला काढा, त्या दिवशी कमर्शियल सिलिंडरचा दर बदलतो. मध्यंतरी तेल महागलं तेव्हा डब्यामागे २५ चे २२ राहिले आणि ६० चा आकडा ६९ वर गेला. त्याच आठवड्यात डबा ५ रुपयांनी वाढवला. तीन ऑफिसांनी कुरकुर केली, एकाने बंद केलं, बाकीचे चालू आहेत.