अकरावीच्या उंबरठ्यावर: मुलांना नशेपासून दूर ठेवण्यासाठी पालकांनी काय करावे

पुण्यात मूल अकरावीत गेले की सकाळी कॉलेज, दुपारी क्लास आणि संध्याकाळी अभ्यासिका असा त्याचा दिवस आई-वडिलांच्या नजरेआड जातो. पहिली सिगारेट बहुधा या मधल्या वेळात, कोपऱ्यावरच्या टपरीपाशी, ओळखीच्या मित्राकडूनच मिळते. त्यामुळे अनोळखी माणसाकडून काही घेऊ नकोस, एवढे सांगून भागत नाही. मैत्री न तोडता नाही कसे म्हणायचे, याची घरीच तयारी करून घ्यावी लागते. "आमची आई घरी गेल्या गेल्या वास ओळखते," असे आपल्यावर ढकललेले कारण सांगण्याची मुभा मुलाला आनंदाने द्यावी.

धोका तोलून पाहणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि या वयात लागलेली सवय मोठेपणी लागलेल्या सवयीपेक्षा घट्ट रुजते. म्हणून सुरुवात जितकी लांबवता येईल तितकी लांबवणे, हेही मोठे यश आहे. त्यासाठी रोज आठ तासांहून कमी नसलेली झोप, एखादा मैदानी खेळ आणि रात्री सर्वांनी एकत्र जेवणे या साध्या गोष्टी मला कोणत्याही भाषणापेक्षा अधिक मोलाच्या वाटतात. आजी-आजोबांच्या झोपेच्या गोळ्या आणि खोकल्याची औषधे कुलपात ठेवावीत आणि अधूनमधून मोजावीत.

पालकांचे सर्वांत कमी लक्ष जाते ते हुंगण्याच्या नशेकडे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत, १० ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये प्रौढांपेक्षा अधिक प्रमाणात आढळलेला हा एकमेव प्रकार होता: मुलांमध्ये १.१७ टक्के, तर प्रौढांमध्ये ०.५८ टक्के. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्यूशन या वस्तू स्टेशनरीच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात आणि दप्तरात सापडल्या तरी संशय येत नाही. मात्र दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात कडक झालेला, उग्र वासाचा रुमाल वारंवार सापडत असेल आणि मुलाच्या नाका-तोंडाभोवती पुरळ दिसत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे, कारण हुंगल्याने अगदी पहिल्या वेळीसुद्धा हृदय अचानक बंद पडू शकते.

एरवी एकाच लक्षणावरून निष्कर्ष काढू नये. चिडचिड या वयात असतेच. परंतु झोपेची वेळ, मित्र आणि पैशांचा हिशेब हे तिन्ही थोड्याच दिवसांत बदलले, तर बोलायला हवे. समोरासमोर बसवून चौकशी करण्यापेक्षा क्लासहून स्कूटरवर परतताना किंवा तळजाई टेकडीवर फिरताना बोलणे सोपे जाते, कारण तेव्हा नजरेला नजर द्यावी लागत नाही. संतापलेल्या रात्री विषय काढू नये. पहिला प्रश्न "कोणी दिलं?" असा नसून "कधीपासून त्रास होतोय?" असा असावा, मारहाण झाली, तर मूल पुढच्या वेळी काहीच सांगणार नाही.

मदत मागताना लाज बाळगू नये. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याबाबत मोफत बोलता येते. येरवड्यातील मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये सुरू केले. पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे उपचार टाळतात. परंतु अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील कलम ६४अ नुसार, अल्प प्रमाणातील अमली पदार्थांच्या गुन्ह्याचा आरोप असलेल्या आणि स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उलट, डॉक्टरांच्या आदेशाशिवाय अल्पवयीन मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

मूल बेशुद्ध आढळले तर १०८ ला फोन करावा, त्याला कुशीवर वळवून श्वास सुरू आहे ना हे पाहत राहावे आणि लिंबूपाणी किंवा मिठाचे पाणी अजिबात पाजू नये. खोलीत सापडलेली पुडी, बाटली किंवा गोळ्यांचे पाकीट जसेच्या तसे सोबत न्यावे आणि नातेवाइकांसमोरदेखील डॉक्टरांना खरे तेच सांगावे.