लैंगिक अत्याचारावरची फिल्म दाखवताय? मग या चुका टाळा

8 मार्च जवळ आला की फोन सुरू, "ताई, अत्याचारावरची एखादी फिल्म सुचवा ना, तासाभरात आटपेल अशी." आटपायचंच असेल तर हळदीकुंकू घ्या की, ते सगळ्यांना जमतं.

माझ्या मते सगळ्यात वाईट चूक म्हणजे फिल्म संपल्या संपल्या माइक फिरवून "कोणाला स्वतःचा अनुभव सांगायचाय का?" विचारणं. एका तालुक्याच्या गावी मला चर्चेला बोलावलेलं, समाजमंदिरात बाया-पुरुष सगळे एकत्र, आणि सूत्रसंचालन करणाऱ्या उत्साही पोराने नेमकं हेच केलं. मागून कॉलेजची एक मुलगी उठली, शेजारच्या माणसाबद्दल बोलायला लागली, त्याची बायको तिथेच दोन ओळी पुढे बसलेली! मी उठून माइक घेतला, एका कार्यकर्तीला तिच्यासोबत बाहेर पाठवलं, पण तोवर मोबाइल वर झालेले. संध्याकाळी गावच्या ग्रुपवर फोटो, खाली 'धाडसी कन्या'. मुलगी 18 च्या आतली, म्हणजे पॉक्सोच्या (18 च्या आतल्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याच्या) कलम 19 नुसार कळल्यावर पोलिसांना सांगणं बंधनकारक, आणि कलम 23 नुसार तो फोटो टाकणं हाच गुन्हा. सज्ञान बाई असती तरी भारतीय न्याय संहितेचं कलम 72 आहेच, बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघड केली तर दोन वर्षांपर्यंत कैद. संयोजकांचं म्हणणं काय, तर आमचा हेतू चांगला होता.

म्हणून मी फिल्मच्या आधीच सांगते, इथे स्वतःचं कोणी बोलायचं नाही, फिल्ममधल्या माणसांवर बोलू, पोलीस असे का वागले, आई गप्प का बसली वगैरे. ज्यांना बोलायचंय त्यांच्यासाठी बाजूच्या खोलीत समुपदेशक बसलेली असते, आणि 18 च्या आतल्या मुलीने सांगितलं तर आम्हाला पोलिसांना कळवावंच लागेल हेही आधीच सांगते, कारण बोलायचं की नाही हे तिला ते माहीत असताना ठरवता आलं पाहिजे. फोटो फक्त बॅनरचा.

ट्रेलर बघून फिल्म ठरवू नका. पूर्ण बघा, आणि ज्या हॉलमध्ये दाखवणार तिथल्याच स्पीकरवर ऐका, पत्र्याच्या शेडमध्ये संवाद कळत नाहीत. ए सर्टिफिकेट असेल तर पुढच्या सतरंजीवर पोरं नकोत. स्वतःच्या ओटीटी अकाउंटवरून सार्वजनिक शो करू नका, निर्मात्यांना मेल टाका. पूर्ण अंधार करू नका, दाराला कडी तर अजिबात नको, कुणाला मधेच उठून जावंसं वाटू शकतं.

आणि आरोपीला फाशी, टाळ्या, चला घरी, असल्या फिल्म्सचा मला मनापासून कंटाळा आलाय. खरं प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षं चालतं, तोवर बाईने करायचं काय हे सांगा ना. झिरो एफआयआर, म्हणजे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी नोंदवायची तक्रार, कुठल्याही पोलीस ठाण्यात होते, उपचार खाजगी दवाखान्यानेही मोफत द्यायचे असतात, पीडितेला आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आहे. हे कोणी बोलत नाही, कारण त्याला तयारी लागते. 181 (महिला हेल्पलाइन) आणि 1098 (मुलांची हेल्पलाइन) हे नंबर मी बायकांच्या बाथरूमच्या दाराला आतून चिकटवते, मोठी पत्रकं वाटली तर ती घरी नवऱ्याच्या हातात पडतात.

प्रमुख पाहुण्यांचं भाषण? नकोच. अगदीच टळत नसेल तर फिल्मच्या आधी पाच मिनिटं, आणि "मुलींनीही काळजी घ्यावी" हे वाक्य चालणार नाही असं फोनवरच सांगून टाका.